चंदीच्या वेळचा फोन

आमच्या ह्यांनी सगळं जग पाहिलंय, असं लोक मला सांगतात. कप्पाळ! ह्यांनी सगळ्या जगातले तबेले पाहिलेत. हे मोतद्दार आहेत. शर्यतीच्या घोड्याला खाऊ घालायचं, खरारा करायचा, पाय चोळायचे, आणि घोडा परदेशी शर्यतीला निघाला की विमानाच्या पोटात त्याच्या खोक्याला टेकून उभ्यानं जायचं, हे ह्यांचं काम. जिथं शर्यतीच्या दिवशी अख्ख्या गावाला सुट्टी असते तिथं हे जाऊन आलेत. जिथं बायका परातीएवढ्या टोप्या घालून येतात तिथंही, वाळवंटात दिवे लावून घोडे पळवतात तिथंही, आणि गोठलेल्या तळ्यावर बर्फात पळवतात तिथंही. "कसं होतं हो?" म्हणून विचारावं तर उत्तर ठरलेलं, घोडा बांधायच्या जागेचं, "ठाण कोरडं होतं." फार खुशीत असले तर, "पाणी गोड होतं." टोप्यांबद्दल विचारलं तर म्हणाले, "कुठल्या टोप्या?"

गेली बरीच वर्षं ह्यांच्याकडे एकच घोडी आहे. छापील कार्डावर तिचं नाव हातभर लांब असतं. मी तिला सवत म्हणते. ह्यांना ते आवडत नाही. "मुकं जनावर आहे गं ते," म्हणतात. असेल मुकं. पण नवरा वर्षातले बहुतेक महिने तिच्यापाशी आणि मी इथं पँटींच्या खालच्या दुमडी शिवत, तर मग तिला दुसरं काय म्हणायचं? मूलबाळ आम्हाला झालं नाही, त्याचं रडून केव्हाच संपलं. घरात दोन खुर्च्या. एकीवर मी बसते, दुसरीवर इस्त्री केलेले कपडे बसतात. एकटं राहायची सवय होते म्हणणाऱ्याला एकदा माझ्या घरी आणून बसवायला पाहिजे. सवयबिवय काही होत नाही, फक्त सांगायची लाज वाटायला लागते.

पण फोन मात्र रोज यायचा. हे कुठल्याही देशात असोत, तिथली संध्याकाळ झाली की फोन. माझ्याकडे तेव्हा सकाळ असो, दुपार असो, मी आंघोळीला निघालेली असो. मला वाटायचं, दिवसाचं काम उरकलं की ह्यांना माझी आठवण येते. मी सगळं सांगत सुटायचे. शिलाई मशिनचा पट्टा तुटला, नळ गळतोय, खालच्या मजल्यावरच्या बाईनं जिन्यात कुंड्या मांडून ठेवल्यात, गुडघा आज जास्त दुखतोय. पलीकडून फक्त "हं." पुन्हा, "हं." एकदा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ऐकतोय तरी का हा माणूस! बोलता बोलता मध्येच मी म्हणाले, "अहो, घराला आग लागलीय." पलीकडून आलं, "हं."

मी फोन बंद करून कपाटात टाकला. थोड्याच वेळात खालच्या मजल्यावरची बाई वाटी घेऊन साखर मागायला आली. धापा टाकत आली आणि दारात न थांबता थेट स्वयंपाकघरात शिरून वास घेत, भिंतीबिंती बघत उभी राहिली. भोचकपणाला काही सुमार! वाटीभर साखर दिली आणि तिला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, मी उचलला आणि पुन्हा बोलायला लागले. न बोलून जाते कुठं?

तर या खेपेला परतीच्या प्रवासात विमान उतरताना जोराचा गचका बसला. सवत घाबरून आडवी सरकली आणि हे तिच्या आणि खोक्याच्या मध्ये सापडले. कमरेची गादी सरकली. डॉक्टरनं सरळ सांगितलं, "पुन्हा असा उभ्यानं प्रवास केलात, तर डावा पाय कायमचा लुळा पडेल. मग माझ्याकडे येऊ नका." मोसमातली सगळ्यात मोठी शर्यत समोर होती. ट्रेनरनं घोडीला एका बदली मोतद्दार बाईबरोबर परदेशी पाठवलं आणि हे घरी आले.

मला वाईट वाटलं. वाटणारच. पण आतून उकळ्याही फुटत होत्या, खोटं कशाला बोलू? खुर्चीवरचे कपडे उचलून ठेवले. ह्यांच्यासाठी टणक गादी आणली. म्हटलं, आता माणूस घरात आहे, आता बोलू. आणि हे भिंतीकडं तोंड करून झोपून राहिले. जेवायला उठायचे, "मीठ बरोबर आहे" म्हणायचे आणि पुन्हा भिंत. मी काही बोलायला गेले की माझ्याकडं असे बघायचे, जणू दारावर कुणी अनोळखी बाई आलीय. माझंही बोलणं आटायचं. आधी निदान फोन तरी यायचा. आता माणूस घरात, म्हणून फोनही नाही. असला एकटेपणा मी पूर्वी कधी अनुभवला नव्हता.

मग ट्रेनरचा फोन आला. "घोडी चंदीला तोंड लावत नाही." चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. गवत चार काड्या खाते, पाणी पिते, पण दाण्याकडं ढुंकून बघत नाही. दाण्याशिवाय शर्यतीचा घोडा पळत नाही. शर्यत शनिवारी होती. तिच्या ठाणात ह्यांचा जुना सदरा टांगून झाला होता. घोड्याला दुसरा घोडा शेजारी आहे असं वाटावं म्हणून मोठा आरसा लावतात, तोही लावून झाला. सवत आरशाकडं पाठ करून उभी राहिली म्हणे. तेवढ्या बाबतीत मात्र ती आणि मी सारख्याच.

"उद्यापर्यंत खाल्लं नाही तर तुम्हाला यावं लागेल," ट्रेनर म्हणाला. "यायच्या तिकिटाचं मी बघतो, परतताना घोडीबरोबर."

"येतो," हे म्हणाले.

"येतो काय येतो!" मी ओरडले. "पाय लुळा पडला म्हणजे? तुमची घोडी येणार आहे का धरून न्यायला?"

हे पलंगाखालची बॅग पायानं पुढं ओढायला लागले. मी ती उचलून कपाटावर टाकली. ह्यांना हात वर करता येत नव्हता, तेवढंच माझ्या हातात होतं.

बदली बाईनं फोनवर सुचवलं, "काका, तुमचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. दाण्याच्या वेळी लावून बघते." मग काय, आमचे मुखदुर्बळ साहेब फोन तोंडाशी धरून जे काही लाडात आले! "खा गं माझी बाय. दोन घास खा. माझी शहाणी ती. रुसलीस का माझ्यावर?" मी स्वयंपाकघरात ऐकत होते. इतक्या वर्षांत मला कुणी बाय म्हटलं नव्हतं, शहाणी तर नाहीच नाही. गॅसवरची भाजी करपली तरी कळलं नाही. मी तिथूनच ओरडले, "झालं का लाडिक बोलून? इथं भाजी करपली, तो मेला नळ अजून गळतोय, आणि ह्यांची बाय म्हणे रुसली! मी रुसले तर विचारतं का कुणी?" ह्यांनी घाईघाईनं फोन बंद केला. पण तोवर माझी मुक्ताफळं आत गेली होती, आणि तसंच ते पाठवलं गेलं.

थोड्या वेळानं बदली बाईचाच फोन आला. तिचा आवाज चढला होता. "काका, तुमचा आवाज ऐकून ती दाराशी जाऊन खिंकाळायला लागली. तुम्हाला शोधत होती, जास्तच बिथरली. पण शेवटी त्या कोण बाई ओरडल्या ना, त्यांचा आवाज आला आणि हिनं दाण्याच्या पाटीत तोंड घातलं! बाई गप्प झाल्या, तिनं तोंड काढलं. मी तेवढंच परत परत लावलं, पण आता तेच तेच आहे हे ओळखते, खात नाही. त्या बाईंना जरा फोनवर बोलायला सांगता का? दाण्याच्या वेळी, रोज?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे चादरीची दशी ओढत होते.

"घोडीला माझा आवाज कसा ठाऊक?" मी विचारलं.

ह्यांनी दशी बोटाला गुंडाळली. मग हळूच म्हणाले, "चंदीच्या वेळीच तुला फोन लावायचो. दोन्ही हात कामात असतात ना. मग स्पीकर लावून फोन तिच्या पाटीवरच्या खिळ्याला अडकवायचो, पिशवीत घालून. तू बोलायचीस, ती खायची, मी खरारा करायचो. तिला ती सवयच लागली."

अगं बाई!  म्हणजे दिवस संपला की माझी आठवण येते म्हणून फोन नव्हता, घोडीच्या जेवणाची वेळ झाली म्हणून होता. माझा पट्टा, माझा नळ, माझा गुडघा, सगळं दाण्याबरोबर घोडीच्या पाटीत! आणि तेवढंच असतं तर हसले असते. माझं ऑपरेशन झालं, तेव्हा जे मी डॉक्टरीणबाईंनाही नीट सांगू शकले नाही, ते मी फोनवर सांगितलं होतं, रडत रडत. माझी बहीण गेली, त्या दिवशी मी किती वेळ बोलत होते, तिच्या लहानपणापासून सगळं. पलीकडं सगळं शांत होतं. मला वाटलं, ह्यांनाही बोलवत नाहीये.

"माझी बहीण गेली तेव्हाही?" मी विचारलं. "तेव्हाही खिळ्यालाच होते मी?"

"त्या दिवशी तिनंही चंदीला तोंड लावलं नाही," हे म्हणाले.

"वा! म्हणजे माझ्या बहिणीचं सुतक घोडीनं पाळलं! आणि तुम्ही काय करत होतात? बादल्या भरत होतात?" मी हातातला टॉवेल ह्यांच्या अंगावर फेकला. "इतकी वर्षं मी जनावराशी बोलत होते आणि मला वाटत होतं, मला नवरा आहे. मी एक शब्द बोलणार नाही त्या घोडीशी. उपाशी मरू दे."

  मी शिवणाच्या मशिनवर जाऊन बसले आणि एक पँट उलटी शिवून ठेवली. आतल्या खोलीतून काहीतरी घासल्यासारखा आवाज येत होता. बराच वेळ येत राहिला, म्हणून जाऊन बघितलं. हे पलंगावर उताणे पडून मोजा पायात घालायचा प्रयत्न करत होते. वाकता येत नव्हतं, म्हणून काठीच्या टोकाला मोजा अडकवून पायाच्या बोटांवर सरकवत होते. घाम आला होता. मोजा निसटायचा, हे पुन्हा अडकवायचे. मला हाक मारली नाही. मी दारात उभी आहे हे दिसत होतं, तरी नाही. पॅसेजमध्ये बूट काढून ठेवले होते.

असा माणूस परतताना घोडीबरोबर विमानाच्या पोटात उभा राहणार. आणि उतरेल तेव्हा त्याला धरून घरी आणावं लागेल.

"द्या इकडं तो फोन," मी म्हणाले.

बदली बाईनं तिकडं फोन खिळ्याला अडकवला. "बोला, काकू," म्हणाली. आणि मला शब्द फुटेना. कुणाशी बोलतोय ते माहीत असलं की किती अवघड होतं बघा. पलीकडं गवत हलल्याचा आवाज, लोखंडी कडी वाजल्याचा आवाज. कुणीतरी मोठं श्वास घेत होतं, अगदी फोनजवळ.

"काय गं सवती," मी म्हणाले. "भारी नखरे चाललेत तुझे. इथं माझा नवरा काठीनं मोजे घालतोय तुझ्यापायी. तूच दाबलंस ना त्याला? मग आता गिळ मुकाट्यानं. मी काय तुझ्या बापाची चाकर आहे, रोज तुला जेवू घालायला?"

पलीकडून दाणे चावल्याचा आवाज आला. करकर, करकर, सावकाश. मला हुंदका आला. तिनं खाणं थांबवलं. मी घाईघाईनं नळाचं सांगायला लागले. ती पुन्हा खायला लागली.

मग रोजच. मी पलंगाच्या कडेला बसायचे, फोन हातात, आणि घोडीशी बोलायचे. हे भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. मी मुद्दाम सगळं बोलायचे. "तुझा तो मोतद्दार घरी आलाय ना, तो मला मीठ बरोबर आहे एवढंच सांगतो. तुला तरी बाय म्हणतो. मला वाटलं होतं, म्हातारपणी बसू दोघं गॅलरीत. गॅलरी आहे गं, माणूस नाही." हे हलायचे नाहीत. आणि त्या मुक्या जनावराचा श्वास मात्र मला ऐकू यायचा. हसाल तुम्ही, पण दिवसभर मी त्या वेळेची वाट बघायला लागले होते.

ट्रेनरनं तिकीट रद्द केलं. शनिवारी आम्ही शर्यत टीव्हीवर पाहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शेजारी शेजारी बसून. स्टँड माणसांनी फुलला होता, बाजे वाजत होते, टोप्या होत्या, सगळं होतं. ह्यांना फक्त तिचे पाय दिसत होते. "उजवा जरा उशिरा टाकतेय," म्हणाले. शेवटच्या वळणावर मी उभी राहून ओरडत होते, "पळ गं, सवती, पळ!" ती चौथी आली. हे म्हणाले, "धडधाकट आली." आणि डोळे पुसले.

पुढच्या आठवड्यात ट्रेनरचा शेवटचा फोन आला. मालकानं घोडी तिकडंच ठेवायची ठरवली होती, शिंगरांसाठी. दुसऱ्या दिवशी चंदीच्या वेळी मी फोन लावला, तर बदली बाई हसून म्हणाली, "आता गरज नाही, काकू. कुरणात सोडलंय तिला. इतर घोड्यांबरोबर खाते मस्त. मीसुद्धा निघाले उद्या."

"बरं झालं," मी म्हणाले. फोन ठेवला आणि मला कळेना, हातांचं काय करायचं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पाय शाबूत, नवरा घरी, आणि आता त्याला कुणी बोलावणारही नव्हतं. फक्त मी बोलायचे ती जागा गेली होती.

संध्याकाळी जेवायला बसलो. ह्यांनी भाजी खाल्ली, मिठाचंही काही म्हणाले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. मग म्हणाले, "बोल ना काहीतरी."

"काय बोलू?"

"रोज बोलायचीस ते."

मी तोंड उघडलं. समोर दोन डोळे, माझ्याकडं लागलेले. मला असं कुणी बघत असताना बोलायची सवयच नव्हती. "टक लावून बघू नका," मी म्हणाले. "तिकडं तोंड करा."

ह्यांनी निमूटपणे खुर्ची फिरवली. हातात काहीतरी हवं म्हणून दाराजवळची माझी चप्पल घेतली आणि फडक्यानं पुसायला लागले, खरारा करतात तसे लांब लांब हात मारत. मी सुरुवात केली. पँटवाल्या गिऱ्हाइकाचं सांगितलं, उलट्या शिवणीचं सांगितलं.

"हं," हे म्हणाले.

तोच 'हं'.  म्हणजे आता आयुष्यभर हेच, आणि पलीकडं घोडीसुद्धा नाही. मी त्या पाठीकडं बघितलं आणि म्हणाले, "अहो, घराला आग लागलीय."

फडकं थांबलं.

"पुन्हा?" हे म्हणाले.

"पुन्हा म्हणजे?"

"मागं एकदा म्हणाली होतीस. माझ्या तोंडातून सवयीनं 'हं' गेलं, आणि तू फोन ठेवलास. परत लावला तर बंद." हे पाठमोरेच बोलत होते. "हातातला खरारा टाकला. मग खालच्या बाईंना फोन केला. म्हटलं, धावत वर जा आणि बघा. आणि काही नसलं तर माझं नाव सांगू नका, ती चिडेल. साखरबिखर मागा."

मला वाटी आठवली. धापा टाकणारी ती बाई आठवली, भिंती बघणारी.

"ऐकत होतात तर मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. "इतकी वर्षं! एक शब्द टाकायला काय झालं होतं तुम्हाला?"

"मी मध्ये बोललो की तू थांबायचीस," हे म्हणाले. "तू थांबलीस की ती खायची थांबायची."

पुन्हा घोडीच! मी ताट उचलायला उठले.

"आणि मग मलाही जेवण जायचं नाही," हे म्हणाले.

मी ताट खाली ठेवलं. ह्यांनी चप्पल पुन्हा पुसायला घेतली होती. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

"तोंड इकडं करा," मी म्हणाले.

कमरेमुळं ह्यांना वळायला वेळ लागला. मी थांबले.